उतरतीचं वर्ष

एर्मेलिंदाने मासा काउंटरवर आडवा पाडला, दोन बोटांनी त्याचं पोट दाबून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाली की हा नको, हा नुसता मीठ आणि काटे आहे, वरचा जाड काढ. तेवढ्याने आदेलिनुचं डोकं सणकलं. खरं म्हणजे रागवण्यासारखं काही झालं नव्हतं. नाताळ महिन्यावर आला होता, नदीच्या या काठावरची प्रत्येक बाई या दिवसांत खारवून वाळवलेला मासा, बाकाल्याव, घरात आणून टांगून ठेवते, आणि त्याची थोरली बहीण तेच करत होती. पण तिच्या नवऱ्याला गोदीतून उन्हाळ्यापासून पगार मिळाला नव्हता. घरातला टेलिफोन कापला गेला होता. तिने मांस आणणं सोडलं होतं, कॉफीत बार्लीची पूड मिसळत होती, हिवाळ्याचे बूट पुढच्या हिवाळ्यावर ढकलले होते. आणि देशाचं चलन एस्कुदो घसरत घसरत गेल्यामुळे परदेशातून येणारा हा मासा गेल्या वर्षीपेक्षा निम्म्याने महाग झाला होता. दुकानदार शिडीवर चढला. आदेलिनु हळू आवाजात म्हणाला की जरा बारीक घेतला तर नाही का चालणार. ती मुळीच हळू बोलली नाही. म्हणाली, "म्हणजे नाताळच्या रात्री बटाटे आणि कोबी एकमेकांची तोंडं बघत बसू देत?" रांगेतल्या बायका हसल्या. एकीने आदेलिनुच्या टायकडे पाहून विचारलं, हे लिस्बनचे वाटतं. एर्मेलिंदाने इस्त्रीकामातून जमवलेल्या नोटा मोजून दिल्या आणि मासा भावाच्या काखेत दिला. तो एखाद्या दाराची फळी न्यावी तसा तो घेऊन चढण चढू लागला. कागदातून मीठ झिरपून कोटाला लागत होतं, आणि त्याला वाटत होतं की हिने हे मुद्दाम केलं. कोणाच्या विरुद्ध, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. माझ्या विरुद्ध, असंच त्याला वाटत होतं.

कारण आदल्या दिवशीच, शुक्रवारी दुपारी, त्याचा आकडा निघाला होता. लिस्बनच्या मध्यवर्ती बँकेच्या अभ्यास विभागात त्याचं अर्धं आयुष्य दोन प्रश्नांवर गेलं होतं. बाहेरून येणाऱ्या मालाची किंमत एक टक्क्याने वाढली तर देश किती कमी विकत घेतो, आणि देशाचं उत्पन्न एक टक्क्याने घटलं तर किती कमी घेतो. पुस्तकात याला लवचिकता म्हणतात. ऐकायला गोड शब्द आहे, वेताच्या छडीसारखा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला कधीच धड मिळालं नव्हतं. चलन पाडा, माल महाग करा, तरी तेल यायचं ते येत होतं, गहू, कापूस, औषधं येत होती. किमतीचा आकडा शून्याच्या आसपास घुटमळायचा, कधी कधी निर्लज्जपणे उलट्या बाजूलाही जायचा. दुसऱ्याचं उत्तर मात्र या वेळी लख्ख आलं होतं. दोन. उत्पन्न एकाने खाली, तर आयात दोनाने खाली. विभागाचा प्रमुख डॉक्टर किंतेला त्याच्या टेबलाशी आला, चष्मा कपाळावर सरकवून त्याने कागद पाहिला आणि म्हणाला, सुंदर. एखाद्याची मुलगी पाहून म्हणावं तसं. आयात दहा टक्क्यांनी कमी केल्याशिवाय कर्ज द्यायला बाहेरचे लोक तयार नव्हते. किमतीने ती होत नाही, हे तर दिसतच होतं. मग उत्पन्नानेच करायची. दोन असेल तर पाच टक्के उत्पन्न काढून घेतलं की झालं, आणि ते काढायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे लोकांचे पगार आणि नाताळात मिळणारा तेरावा पगार. गुरुवारी कर्ज देणाऱ्यांची मंडळी येणार होती. तक्ता त्यांच्यापुढे जायचा होता आणि तक्त्याखाली आदेलिनुचं नाव होतं. आकडा खरा आहे की नाही, हे सांगणारा त्या इमारतीत दुसरा कोणी नव्हता. हेच त्याला सगळ्यात जास्त जाचत होतं. चूक सापडली असती तर तो सुटला असता. शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना तो चूक शोधत होता, रात्री जेवताना शोधत होता, शनिवारी नदी ओलांडताना होडीत शोधत होता. आकडा मात्र नुकत्याच न्हाऊन आलेल्या मुलासारखा स्वच्छ होता.

एर्मेलिंदाच्या स्वयंपाकघरात तिचा नवरा झासिंतु बनियनवर बसला होता. सकाळी उठून दाढी करायचं कारण उरलं नाही की माणसाचा चेहरा कसा दिसतो, तसा त्याचा दिसत होता. त्याने मासा पाहिला, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि मान डोलावली. मग आदेलिनुकडे वळून म्हणाला, "काय मेव्हणे, या खेपेला आम्हाला किती टक्के गरीब करायचं ठरलंय?"

"मी ठरवत नाही," आदेलिनु म्हणाला. "मी फक्त मोजतो."

"शिंपी पण आधी मोजतोच की."

एर्मेलिंदा हसली आणि मग तिला हसल्याचं वाईट वाटलं. तिने भावापुढे सूप ठेवलं. या घरात सगळ्यांची अशी पक्की समजूत होती की लिस्बनला एक खोली आहे, तिथे आदेलिनु बसतो आणि त्याच्या हातात एक चाक आहे. ते किती फिरवायचं हे त्याच्या मनावर आहे, आणि तो भित्रा असल्यामुळे जरा जास्तच फिरवतो. हे खोटं आहे असं त्याने पुष्कळदा समजावून सांगितलं होतं. आज सांगताना आवाजात जोर आला नाही. तेरावा पगार पूर्ण मिळेल का, एवढंच एर्मेलिंदाला विचारायचं होतं. ती स्वतः शाळेत स्वयंपाक करायची आणि घरात येणारा तेवढा एकच पगार होता. ती म्हणाली, पूर्ण नाही तर निदान अर्धा तरी. तू त्यांना सांग ना. तो सूप पीत राहिला. सुपात कोबी, बटाटा आणि सॉसेजचा एक पातळ काप होता, आणि तो काप त्याच्याच वाडग्यात होता. यानेही त्याला राग आला. हे लोक स्वतःचं पोट कापून पाहुण्याला काप देतात, पगार नसताना सगळ्यात जाड मासा घेतात. यांना कोणत्या रेषेवर बसवायचं? रेषा म्हणते, उत्पन्न उतरलं की खरेदी उतरते. ही बाई दुकानात उभी राहून शिडीवरचा मासा मागते. हिच्यासारख्या बाईला तक्त्यात एक नाव आहे, चुकार. रेषेपासून लांब पडलेला ठिपका. चुकार ठिपके फार झाले तर आकडा बिघडतो, म्हणून आधी त्यांच्याकडे संशयाने पाहायचं, असं तो स्वतः नव्यांना शिकवायचा.

परतीच्या होडीत तो बाहेर उभा राहिला, कारण आत कोटाचा वास येत होता. मिठाचा, कातड्याचा, थोडा कुबट. या वासाबरोबर त्याची आई नेहमी येते, बोलावल्याशिवाय. बाप धक्क्यावर माल उतरवायचा. एका वर्षी त्याला कामावर घेईनात, का ते मुलांना कोणी सांगितलं नाही. त्या वर्षी घरातली एकेक वस्तू पाय फुटल्यासारखी निघून गेली. आधी साखर गेली, मग आईच्या कानातलं, मग रविवारचं कोंबडीचं हाड, मग दिव्यातलं तेल इतकं कमी झालं की संध्याकाळी सगळे लवकर झोपायचे. पण नाताळच्या आधी बाकाल्याव आला. लहान होता, तरी होता. जस्ताच्या घमेल्यात तीन दिवस तो भिजत पडायचा आणि दर काही तासांनी त्याचं पाणी बदलायचं काम आदेलिनुकडे असायचं. पाणी ओतताना आई मागून सांगायची, हळू, तुकडा फुटेल, आणि तो चिडायचा. तेव्हाही चिडायचाच. सण झाल्यावर कातडं आणि शेपटी चण्यात शिजायची, काट्यांचं पाणी भातात जायचं, आणि नवीन वर्ष उजाडून गेलं तरी तो मासा काही संपायचा नाही. हे आठवता आठवता आदेलिनुने कठडा घट्ट धरला, होडी हलली म्हणून नव्हे. त्याला आत्ता कळलं होतं की त्याच्या आकड्यात हा मासा नाही.

नाहीच. कधीच नव्हता. विभागात ती जुनी रीत होती, किंतेलाच्या आधीच्या म्हाताऱ्या प्रमुखाने घालून दिलेली. आयातीची बेरीज करताना मासा बाजूला ठेवायचा. कारणही पटण्यासारखं होतं. बाकाल्याव सरकारी मंडळ विकत घेतं, वर्षातून दोनदा-तीनदा मोठी जहाजं येतात, मधले महिने कोरडे जातात, त्यामुळे तो आत घेतला की रेषा माकडासारखी उड्या मारते. बाजूला काढला की शहाण्यासारखी चालते. आदेलिनु विभागात आला तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याला हेच शिकवलं गेलं, आणि नंतर त्याने ते आणखी चार-पाच जणांना शिकवलं. मासा बाजूला. खोलीत ते शब्द गमतीने वापरले जायचे. कोणी बैठकीत नको तो विषय काढला की म्हणायचे, मासा बाजूला. हळूहळू त्याच कारणाने गहूही बाजूला गेला, कारण तोही मंडळच घ्यायचं. क्रांतीनंतरचं एक वर्षही बाजूला गेलं, कारण त्या वर्षी उत्पादन कोसळलं आणि पगार मात्र वाढले. असलं वर्ष कोणत्या समीकरणात बसवणार? जे जे लोक सोडत नाहीत ते ते त्यांनी सुबकपणे बाहेर काढून ठेवलं होतं, आणि उरलेल्या गाड्या, शीतपेट्या, दूरदर्शन संच यांच्याकडे पाहून ते म्हणत होते, बघा, लोक किती पटकन सोडतात.

सोमवारी त्याने मासा आत घातला. गहू घातला. ते वेडं वर्षही घातलं. संगणकाच्या खोलीतल्या बाईने विचारलं की पुन्हा का, शुक्रवारी तर सगळे खूश होते. त्याने फक्त कागद पुढे सरकवला. दुपारपर्यंत तो वाट पाहत बसला आणि त्या वेळात त्याला प्रत्येक गोष्टीचा वीट आला. खिडकीखाली ट्राम वळताना किंचाळते तिचा, शेजारच्या टेबलावरचा गडी शिट्टीत एकच ओळ वाजवतो त्याचा, पेन्सिलीचं टोक मोडतं त्याचा. आकडा आला. एकाहून जरा वर. दोन नव्हे. त्याला वाटलं होतं की हे पाहून छातीवरचं ओझं उतरेल. क्षणभर उतरलंही. मग त्याने कागदाच्या कडेला, सवयीने, भागाकार केला. दहा टक्के आयात कमी करायची, आकडा दोन असेल तर उत्पन्न पाच टक्के कापायचं. आकडा एक असेल तर दहा. तो त्या दहाकडे बघत राहिला. बहिणीची बाजू घेऊन तो दोन दिवस भांडत होता, स्वतःशीच. लोक इतक्या सहज सोडत नाहीत, हे त्याला सिद्ध करायचं होतं. ते सिद्ध झालं होतं, आणि त्याचा अर्थ एवढाच निघत होता की त्यांना दुप्पट पिळावं लागेल. जितकं घट्ट धरतील तितकं जास्त. एर्मेलिंदाने शिडीवरचा मासा मागितला, त्याची किंमत तिने दुकानात दिली तेवढीच नव्हती.

आणि तरीही तो एक सुद्धा खरा होता असं नाही. हे त्याला मंगळवारी, दाढी करताना, गालाला फेस असताना उमगलं आणि त्याने वस्तरा खाली ठेवला. त्या एका वेड्या वर्षाचा अपवाद सोडला तर त्याच्याकडची सगळी वर्षं चढती होती. दर वर्षी लोकांच्या हातात थोडं जास्त आलं आणि त्यांनी थोडं जास्त घेतलं. उतरतीचं धड एकही वर्ष त्याने मोजलेलं नव्हतं. चढताना माणूस काय घेतो त्यावरून उतरताना काय टाकेल हे कसं सांगणार? जिना तोच असतो, पण उतरताना गुडघे वेगळे दुखतात. शीतपेटी घेतलेला माणूस पगार गेला म्हणून ती परत करत नाही. बाकाल्यावचा वास लागलेलं घर बाकाल्याव सोडत नाही. काय सोडतात ते कोणालाच माहीत नाही, कारण सोडायला लावून कोणी मोजलेलं नाही. तेव्हा खरं उत्तर एकच होतं, आणि ते इतकं साधं होतं की त्याला आपल्या इतक्या वर्षांच्या नोकरीचाच राग आला. खरं उत्तर, माहीत नाही.

बुधवारी त्याने हे किंतेलाला सांगितलं. किंतेला वाईट माणूस नव्हता. त्याची स्वतःची मुलगी परदेशी नोकरी शोधायला गेली होती, आणि त्याच्या खोलीतला दिवा आजकाल उशिरापर्यंत जळायचा. त्याने नवा कागद बराच वेळ पाहिला.

"मासा आत कोणी घातला?"

"मी."

"का?"

"लोक खातात म्हणून."

किंतेलाने चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग तो अगदी शांतपणे म्हणाला की तुझं बरोबर असेल, मी नाही म्हणत नाही, पण हा कागद त्यांच्यापुढे ठेवलास तर ते काय करतील ते तुला कळतं ना? आदेलिनु म्हणाला, कळतं, म्हणूनच आकडा द्यायचाच नाही असं म्हणतोय. माहीत नाही म्हणून सांगायचं. किंतेला हसला, पण त्या हसण्यात टिंगल नव्हती. म्हणाला, "इतकी वर्षं पगार घेतल्यावर? बरं. मग उद्या तूच सांग."

गुरुवारी लांब टेबलाच्या पलीकडे बाहेरची मंडळी बसली. त्यांच्यातला मुख्य लुंडग्रेन नावाचा एक उंच, फिकट माणूस होता. बोलताना तो आपली बोटं एकमेकांत गुंतवायचा, आणि प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय बोलायचा नाही. असल्या माणसावर रागावणंही अवघड जातं. आदेलिनुची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. बसूनच बोलायचं होतं तरी उभा राहिला. त्याने सांगितलं की आपली सगळी वर्षं चढती आहेत, उतरतीत लोक कसे वागतील हे यातून काढता येत नाही, आणि म्हणून उत्पन्नाच्या रकान्यात आपण काहीच लिहिलेलं नाही. किंतेला समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत होता. आदेलिनुला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. कोणी ओरडलं नाही. लुंडग्रेनने समजूतदारपणे मान हलवली. म्हणाला, "होतं असं. बऱ्याच देशांत होतं. अशा वेळी आम्ही तुमच्यासारख्या देशांची सरासरी वापरतो." त्याने शेजाऱ्याकडून एक कागद मागून घेतला, वाचला. "एक पूर्णांक एक. म्हणजे उत्पन्नात नऊ टक्के कपात. साधारण." आणि त्याने ते टिपायला पेन उचललं.

रिकामा रकाना रिकामा राहत नाही. एवढी साधी गोष्ट आदेलिनुच्या डोक्यात इतक्या दिवसांत आली नव्हती. ते पेन कागदाला टेकायच्या आत आपण बोलू लागलो हे त्याला स्वतःचाच आवाज ऐकून कळलं. तो म्हणाला, थांबा, ती सरासरी आमच्या देशाला लावता येणार नाही. आमचा स्वतःचा आकडा आहे, शुक्रवारचा, दोन. मी फार काटेकोरपणा करत होतो म्हणून तो पुढे ठेवला नाही. लुंडग्रेनने पेन उचललेलं तसंच धरलं. त्याने विचारलं की त्या आकड्यात काही वस्तू धरलेल्या नाहीत ना. आदेलिनु म्हणाला, नाहीत, आणि का नाहीत ते सांगतो. त्याने मासा बाजूला काढला. मंडळ विकत घेतं, लोक नव्हे, जहाजांचा ताल वेगळा, पगाराशी त्याचा काही संबंध नाही. त्याने गहू बाजूला काढला. ते वेडं वर्ष बाजूला काढलं, आणि ते कसं कुठल्याच देशाच्या हिशेबात बसत नाही हे दोन वाक्यांत असं सांगितलं की पलीकडचा एक जण हसला. गेले चार दिवस ज्या ज्या गोष्टींवर त्याचा जीव चडफडला होता, त्या एकेक करून त्याने उचलल्या आणि खिडकीबाहेर ठेवल्या. इतकं चांगलं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. मध्ये एकदा त्याला आपल्या बहिणीचा हसणारा चेहरा दिसला, दुकानातला, आणि ती जणू या खोलीत नाहीच असं त्याने ठामपणे सांगितलं. आमच्याकडचे लोक, तो म्हणाला, हातात कमी आलं की लगेच हात आखडतात. पाच टक्के पुरेसे आहेत.

लुंडग्रेनने शेजाऱ्याशी हळू आवाजात दोन शब्द बोलून घेतले आणि मग रकान्यात दोन लिहिलं. पाच टक्के. तेरावा पगार अर्धा वाचला. एर्मेलिंदाने मागितलं होतं बरोबर तेवढंच. मंडळी उठली, हात मिळवले गेले, कोणी कॉफीची चौकशी केली.

जिन्यात किंतेला त्याच्याबरोबर उतरत होता. आपण खोटं बोललो की जिंकलो, हे आदेलिनुला ठरवता येत नव्हतं. आयात दहाने उतरणार नाही, हे त्याला माहीत होतं. फार तर चार, पाच उतरेल. म्हणजे पुढल्या हिवाळ्यात ही मंडळी पुन्हा त्या टेबलाशी बसतील, तितक्याच समजूतदारपणे, आणि उरलेलं मागतील, आणि तेव्हा या वर्षीचं वाचलेलं सगळं व्याजासकट जाईल, कारण या वर्षी कोणीतरी दोन म्हणालं होतं. वाचवलं होतं ते एक वर्ष, एवढंच. किंवा तेही नाही. किंतेलाने मधल्या वळणावर थांबून खिशातला रुमाल काढला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी चांगलं बोलावं असा भाव होता.

"एक मात्र बरं होईल," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी तुझ्याकडे उतरतीचं एक वर्ष असेल. सारखा म्हणत होतास ना, एकही नाही म्हणून."

"एका वर्षाने काय होतंय?" आदेलिनु चिडून म्हणाला. "निदान चार-पाच तरी सलग लागतील." आणि मग जिन्यात, भिंतीला एक हात लावून, तो आपण काय मागितलं ते ऐकत उभा राहिला.